चिरा, चुना आणि सायबाचं घर

गेल्या वर्षी श्रावणात शेजारच्या काकीने मला कपेलात बोलावून घेतलं. कपेल म्हणजे आमच्या वाडीतलं छोटं चर्च. मोठ्या चर्चचे पाद्री महिन्यातून एकदोनदा येऊन इथे मिस्सा करतात. एरवी दिवा लावणं, फुलं बदलणं, झाडलोट हे सगळं काकीकडे. दाराच्या चौकटीवरच्या चिऱ्यावर साल कोरलेलं आहे, पण ते पावसाने इतकं झिजलंय की पहिला एक आकडा सोडला तर बाकीचे प्रत्येकजण आपापल्या परीने वाचतो.

काकीने उत्तरेच्या भिंतीवर हात टेकवला आणि तो माझ्यासमोर धरला. तळवा ओला होता.

"झिला, तू इंजिनेर मां? मगे सांग, ह्या भितीक घाम कित्याक येता?"

मी इंजिनीयर नव्हे, ओव्हरसियर. सरकारी नोकरीत रस्ते, शाळा, दवाखाने बांधण्यात आयुष्य गेलं. पण त्या प्रश्नाने मला कसंतरीच झालं ते वेगळ्या कारणाने. १९९६ साली याच कपेलाचा जुना चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला, तेव्हा वाडीतल्या लोकांनी मला विचारलं होतं, आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं होतं: चुना काढून टाका, सिमेंटचा गिलावा करा, पन्नास वर्षं बघायला नको. त्यांनी तसं केलं. मुंबईहून, आखातातून, बोटीवरच्या पोरांकडून पैसे गोळा करून केलं. भिंत घामेजायला लागली ती त्यानंतर दहाएक वर्षांनी.

कपेलाच्या कमिटीतल्या तरुण मुलांनी आता दुसरा तोडगा काढला होता. सगळा गिलावा खरवडून टाकायचा आणि आतला लाल चिरा तसाच उघडा ठेवायचा. तारकर्ली-देवबागच्या बाजूला हल्ली नवीजुनी घरं अशी 'कोकणी लुक'मध्ये दिसतात, पर्यटकांना आवडतात. शिवाय मुलांकडे बिनतोड दाखला होता. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस बघा. जगभरातून माणसं येतात ते बघायला. ते लालच आहे ना?

काकी म्हणाली, "सायबाचा घर लाल आसा म्हणान आपणाक पण लाल होया म्हणतत. तू जावन बघून ये त्या घराचा काय झाला ता. मगे सांग."

सायब म्हणजे 'गोंयचो सायब', संत फ्रान्सिस झेवियर. योगायोगाने २०२४ हे दर्शनाचं वर्ष होतं. दर दहा वर्षांनी सायबाचं शव दर्शनासाठी खाली उतरवतात. काकी स्वतः १९६४ च्या दर्शनाला गेली होती, नवी नवरी असताना, सासूबरोबर मालवणहून पणजीच्या आगबोटीने. गोवा मुक्त झाल्यानंतरचं ते पहिलं दर्शन. आता गुडघे चालत नाहीत म्हणून तिने मला धाडलं. हा लेख म्हणजे तिला दिलेलं उत्तर आहे, थोडं लांबलेलं.

आधी चिऱ्याविषयी सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यावर उभं आहे.

जांभा दगड आपल्याकडे इतका आहे की त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. सड्यावर जाल तर पायाखाली तोच. लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या संयुगांनी भरलेला, हजारो-लाखो पावसाळ्यांनी मूळ खडकातलं बाकी सगळं धुऊन नेल्यावर मागे उरलेला हा दगड. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टराने मलबारात अंगडिपुरमला लोक तो कापून घरं बांधताना पाहिले आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव अगदी योग्य पडलं. खाणीतून काढताना चिरा ओला आणि मऊ असतो, हत्याराने सहज कापता येतो. वारा लागला की कडक होतो. माझे आजोबा गवंडी होते. काढलेला चिरा एक पावसाळा बाहेर ठेवल्याशिवाय ते भिंतीत घेत नसत. कच्चा निघणारा चिरा त्या पावसातच भुगा होऊन आपली जात सांगतो, असं त्यांचं म्हणणं.

पण चिरा कितीही कडक झाला तरी तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो. पाणी पितो. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही समुद्रावरून आडवा येणारा. म्हणून जुन्या लोकांनी चिऱ्याला कधी एकटं सोडलं नाही. एक तर छपराची पागोळी भिंतीपासून लांब पडेल इतका ओसरा काढायचा. नाहीतर शिंपल्या भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा करायचा, दर वर्षी पावसाआधी किंवा सणाआधी चुन्याचा हात मारायचा आणि वाऱ्याकडच्या भिंतीवर चुडतांची झापं बांधायची. चुना पाणी पूर्ण अडवत नाही. तो थोडं आत घेतो आणि ऊन पडलं की बाहेर सोडतो. चिराही तेच करतो. दोघांचा श्वास एका लयीत चालतो. सिमेंटला श्वास नसतो. जमिनीतून, छपराच्या फटीतून, कुठूनतरी आत शिरलेलं पाणी सिमेंटच्या गिलाव्यामागे कोंडतं, क्षार पुढे आणतं, आणि शेवटी गिलावा पडतो तो चिऱ्याची कातडी घेऊनच. नोकरीत असताना हे मला कुणी शिकवलं नाही असं म्हणून सुटता येईल, पण आजोबा घरातच होते. मी विचारलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी जुन्या गोव्यात पोचलो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं हे दर्शन होतं. रांग लांब, मांडवाखालून वळणं घेत जाणारी. माझ्यापुढे कुडाळकडचं एक कुटुंब होतं, कपाळाला कुंकू, हातात मेणबत्त्या. मागे कर्नाटकातले कुणी. शव दर्शनाच्या काळात बॉम जेझूसमध्ये नसतं, समोरच्या से कॅथेड्रलमध्ये ठेवतात. त्यामुळे रांगेत तासन्तास उभं राहताना दोन इमारती एकमेकींसमोर मनसोक्त बघता येतात, आणि माझं काम तेच होतं.

से कॅथेड्रल पांढरं. बॉम जेझूस लाल. दोन्हींच्या पोटात मात्र एकच दगड, आपला चिरा.

से कॅथेड्रलचं काम १५६२ मध्ये सुरू झालं आणि १६४० मध्ये त्याचा अभिषेक झाला. सेंट कॅथरिनचं नाव त्याला दिलं, कारण अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी गोवा घेतला होता. लांबी सुमारे ७६ मीटर. दर्शनी बाजूला दोन बुरूज होते. १७७६ मध्ये एक कोसळला तो पुन्हा बांधला नाही. एका खांद्याने झुकल्यासारखी दिसणारी ही इमारत तरीही धडधाकट आहे, कारण तिच्या अंगावर चुना आहे.

बॉम जेझूसचा पाया २४ नोव्हेंबर १५९४ चा, अभिषेक १५ मे १६०५ चा. जेझुइटांनी बांधलेलं. रोममधलं जेझुइटांचं मूळ चर्च, जेझू, त्याच्या दहा वर्षं आधी, १५८४ मध्ये पूर्ण झालं होतं. एकच लांब प्रशस्त दालन, दोन्ही बाजूंना खांबांची गर्दी नाही, वेदीवर काय चाललंय ते शेवटच्या माणसालाही दिसावं आणि प्रवचन ऐकू यावं: हा विचार त्या काळात नवा होता आणि तो जहाजांतून जगभर गेला. बॉम जेझूसच्या दर्शनी भिंतीवर ग्रीक-रोमन पद्धतीचे खांब मजल्यामजल्याने बदलत वर जातात. हे कोरीव काम मात्र चिऱ्यात होत नाही. चिऱ्याला बारीक कोर धरत नाही, कडा भुगा होतात. म्हणून खांब आणि नक्षी काळ्या दगडाची आहे, आणि तो दगड आणला वसईहून. वसईहून गोव्याला दगड म्हणजे जहाजातून, आणि ती जहाजं आमच्याच किनाऱ्यासमोरून गेली असणार. सिंधुदुर्ग तेव्हा बांधलाही नव्हता. कुरट्याचं बेट नुसतं खडक होतं. (वसईहून पुढे आणखीही काही निघालं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या अजून वाजतात. पण तो वेगळा विषय.)

तर मुख्य गोष्ट. बॉम जेझूस मुळात लाल नव्हतं. साडेतीन शतकं त्याच्या अंगावर पांढरा चुना होता. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तो गिलावा खरवडून काढला गेला. पोर्तुगालमध्ये त्या काळी जुनी स्मारकं 'मूळ रूपात' आणण्याची मोहीमच होती. नंतरचे थर काढायचे, दगड उघडा करायचा, इमारत होती त्याहून जुनी आणि भव्य दिसायला हवी. पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या कणखर ग्रॅनाइटला ते चाललं असेल. चिऱ्याला चालत नाही. आमच्या वाडीतल्या कुणाही म्हाताऱ्या गवंड्याने सांगितलं असतं. पण त्याला विचारायला लिस्बनहून कोण येणार!

दर्शन झाल्यावर मी बॉम जेझूसच्या बाहेरून उत्तरेच्या भिंतीकडे गेलो. कडेने चालत चालत, बॅटरी मारत. काळा बसाल्ट जिथे आहे तिथे कडा अजून धारदार आहेत. चिरा मात्र मागे गेलाय. सांध्यातली चुन्याची रेघ पुढे उभी आणि चिरा तिच्या आत खोल, अशी उलटी गंमत काही जागी दिसते. म्हणजे ज्याला धरून ठेवायचं तेच झिजलं आणि धरणारं उरलं. बोट फिरवलं की तांबडी पूड हाताला लागते. काही चिरे नंतर बदललेले कळतात, त्यांचा रंग ताजा आहे. मी एका चिऱ्यावर हात टेकवला. डिसेंबर असल्याने कोरडाच होता. पावसात काय होत असेल ते मला आता ठाऊक आहे.

या भिंतीमागे काय आहे त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या शांगचुआन बेटावर वारला. तिथून शव मलाक्काला आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोव्याला आलं. बॉम जेझूसमध्ये ते १६२४ पासून आहे. चांदीची पेटी १६३६-३७ ची, गोव्याच्याच सोनारांच्या हातची. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सच्या फोग्गिनी या शिल्पकाराने दहा वर्षं खपून केला, तिसऱ्या कोझिमो मेदिचीने तो भेट पाठवला आणि १६९८ मध्ये तो इथे जोडला गेला. शवाचा उजवा हात कोपरापासून १६१४ मध्ये रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. ज्या चर्चच्या धर्तीवर हे चर्च बांधलं, त्याच चर्चमध्ये तो हात.

गिलावा काढण्याच्या बाजूनेही बोलणारे आहेत, त्यांना मी खोटं ठरवत नाही. आज जगभरच्या माणसांच्या डोळ्यांत, पोस्टाच्या तिकिटांत, शाळेच्या पुस्तकांत बॉम जेझूस लालच आहे. १९८६ मध्ये जुन्या गोव्यातली चर्चं जागतिक वारसा ठरली ती या लाल रूपातच. पुन्हा चुना चढवला तर लोक म्हणतील, हे काय नवीन. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या इमारतीचं रूप बदलणं सोपंही नाही. पण चर्चच्या पाद्रींनी आणि गोव्यातल्या वास्तुतज्ज्ञांनी गेल्या काही वर्षांत गळतीविषयी आणि झिजणाऱ्या भिंतींविषयी जाहीरपणे सांगितलंय. माझं मत विचाराल तर सत्तर वर्षांची सवय ही साडेतीनशे वर्षांच्या सवयीपेक्षा मोठी नाही. चुना लावा.

ज्यांना हे अतिशयोक्तीचं वाटेल त्यांनी तिथून दहा मिनिटं चढ चालून जावं. टेकडीवर सेंट ऑगस्टिनचा बुरूज उभा आहे, खरं तर अर्धा बुरूज, सुमारे ४६ मीटर उंचीचा नागडा चिरा. १६०२ मध्ये पूर्ण झालेलं हे चर्च एके काळी गोव्यातल्या भव्य चर्चांपैकी एक. १८३५ च्या सुमारास पोर्तुगीज सरकारने मठवासी संघ बरखास्त केले आणि इमारत ओस पडली. १८४२ मध्ये घुमटाकार छत कोसळलं. सात पावसाळे. एवढ्या अवाढव्य इमारतीला चुन्याचा हात आणि कौलं फिरवणारी माणसं नाहीत म्हटल्यावर सात पावसाळे पुरले. घंटा पुढे पणजीच्या चर्चमध्ये नेली, १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि बुरुजाचा अर्धा भाग गेला. या ढिगाऱ्यातच जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी सापडल्या. १६२४ मध्ये इराणात शिराजला तिला धर्म सोडत नाही म्हणून ठार मारलं, ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी लपवून गोव्याला आणल्या. हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासून २०१३ मध्ये खात्री झाली आणि २०२१ मध्ये भारताने एक अस्थी जॉर्जियाला भेट दिली. चार शतकं तिला सांभाळलं ते आपल्या चिऱ्याच्या ढिगाऱ्याने.

परत आल्यावर काकीला मोबाइलवरचे फोटो दाखवले. ती बराच वेळ भिंतीचा फोटो बघत राहिली. मग तिने विचारलं, "आणि तेल दिलंय?"

तेलाची गोष्ट सांगितल्याशिवाय एका हिंदू ओव्हरसियरला कपेलाच्या भिंतीची एवढी काळजी का, ते कळणार नाही.

माझी आजी दर वर्षी उन्हाळ्यात काकीच्या सासूकडे खोबरेल तेलाची एक बाटली द्यायची. ती म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीला जायची. म्हापशाचं हे चर्च १५९४ साली स्थापन झालेलं. मिलाग्रिस म्हणजे चमत्कारांची माता मारिया. तिचं फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी असतं. बार्देशातले, पेडण्यातले, आमच्या बाजूचे हिंदूही तेल घेऊन जातात. लोकांची कथा अशी की सात बहिणी होत्या: शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाय, मयेची महामाया आणि बाकीच्या. त्यांतली मिराबाई ख्रिस्ती झाली, तीच म्हापशाची मिलाग्रिस. आजही लईराईच्या जत्रेच्या वेळी आणि मिलाग्रिसच्या फेस्ताला एकीकडून फुलं आणि दुसरीकडून तेल जातं. आजीला हे सगळं सांगायची गरज वाटत नसे. तिच्या हिशेबी बहिणीकडे काहीतरी धाडायचं असतं, एवढंच. सावंतवाडीचं चर्चही याच मिलाग्रिसच्या नावाचं आहे. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्गचा वेगळा धर्मप्रांत झाला, तेव्हा त्या चर्चला कॅथेड्रलचा मान मिळाला.

पण नुसतं तेल-फुलांचं चित्र काढणं अप्रामाणिक होईल. ज्या सायबासाठी माझ्यापुढचं कुडाळचं कुटुंब मेणबत्त्या घेऊन उभं होतं, त्यानेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन पाठवण्याची मागणी केली होती. ते आलं १५६० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. त्या सोळाव्या शतकात बार्देश-साष्टीतली देवळं पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. देव नदी ओलांडून गेले तशी माणसंही गेली. गंमत अशी की नंतर खुद्द ख्रिस्ती कुटुंबंही कर, दुष्काळ, लढाया आणि त्याच इन्क्विझिशनच्या धास्तीने गोवा सोडून निघाली. काही दक्षिणेला कानडी मुलखात, काही उत्तरेला सावंतांच्या मुलखात. आमच्या जिल्ह्यातल्या फर्नांडिस, डिसोझा, लोबो घरांतल्या पुष्कळांचं मूळ बार्देशात निघतं. म्हणजे चर्च बांधणाऱ्यांपासून पळालेल्यांनी इथे येऊन काय केलं, तर चर्चच बांधलं. चिऱ्याचंच.

हे मी काकीसमोर एकदा बोललो होतो. ती म्हणाली, सायबाक तो पण पाप मागच्याक मागाचा लागला आसतला. म्हणजे त्यालाही त्या पापाची माफी मागावी लागली असेल. मला इतिहासाच्या पुस्तकांत याहून बरं वाक्य मिळालेलं नाही.

जुन्या गोव्यातून परतीच्या एसटीत मोबाइलवर बातम्या बघत होतो. त्याच आठवड्यात, ७ डिसेंबरला, पॅरिसचं नोत्र दाम पुन्हा उघडलं होतं. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत त्याचं लाकडी छप्पर आणि मनोरा गेला. आग विझल्यावर पहिलं काम काय केलं, तर उघड्या पडलेल्या दगडी छतावर आच्छादन घातलं. पाऊस आत शिरला तर आगीतून वाचलेलं पाण्याने जाईल, हे त्यांना ठाऊक होतं. जगभरातून ८० कोटी युरोंहून अधिक देणग्या आल्या, पाच वर्षांत काम झालं. पैसा होता हे खरं. पण छपराशिवाय एक पावसाळाही काढायचा नाही, ही अक्कल पैशाची नव्हे.

जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये तर पैशापेक्षा एकमत दुर्मिळ. सहा पंथ ते चर्च वाटून घेतात, आणि कुणाचा जिना कुणी हलवायचा यावरून शतकानुशतकं वाद. दाराची किल्ली म्हणूनच दोन मुसलमान घराण्यांकडे आहे, एक किल्ली ठेवतं, दुसरं दार उघडतं. आतल्या कबरीवरची छोटी संगमरवरी वास्तू १८१० मध्ये पुन्हा बांधलेली. ती फुगायला लागली म्हणून ब्रिटिशांनी १९४७ मध्ये लोखंडी सांगाडा बाहेरून आवळला आणि तो सत्तर वर्षं तसाच राहिला. २०१६-१७ मध्ये अथेन्सच्या तंत्रविद्यापीठाने संगमरवरी फरशा उतरवून आतला दमट, भुसभुशीत झालेला जुना चुना दुरुस्त केला, मग तो सांगाडा निघाला. दमट का झाला होता? भाविकांचा श्वास, मेणबत्त्यांची धग आणि जमिनीतून चढणारी ओल. भिंतीला घाम येतो तो तिथेही.

आणि इथिओपियातलं लालिबेला. अखंड खडकात वरून खाली कोरलेली अकरा चर्चं, आपल्या वेरूळच्या कैलासासारखी. त्या मऊ ज्वालामुखी खडकात पावसाने भेगा पडायला लागल्या म्हणून २००८ मध्ये काही चर्चांवर लोखंडी खांबांचे मोठे मांडव उभारले. पाऊस थांबला, पण आता खालच्या लोकांना ते मांडवच अंगावर पडतील अशी भीती. रक्षण करणाऱ्यापासून रक्षण, हा प्रकार फक्त सिमेंटचा नाही तर.

या सगळ्यांपुढे आमचं कपेल म्हणजे काय? वीस फूट रुंद, पुढे एक पांढरा खुरीस. पण पाणी तेच.

कमिटीची बैठक जानेवारीत झाली. मी आधी १९९६ ची चूक कबूल केली, कारण तसं केल्याशिवाय पुढचं कुणी ऐकलं नसतं. मग फोटो दाखवले. मुलं हुशार आहेत. एकाने लगेच विचारलं, पारदर्शक केमिकल कोट मिळतो, तो चिऱ्यावर मारला तर लालही राहील आणि पाणीही आत जाणार नाही. मी म्हटलं, बाहेरचं पाणी जाणार नाही, पण आतलं येणार कुठून? जमिनीतून चढणारं पाणी कोंडेल, सिमेंटसारखंच. त्यावर बराच वाद झाला. शेवटी एका तरुण बाईने, जी मुंबईहून फक्त बैठकीसाठी आली होती, विचारलं की पांढऱ्या कपेलाचे जुने फोटो कुणाकडे आहेत का. काकीच्या लग्नाचा निघाला. १९६४. मागे भिंत पांढरी, आणि वधूवरांपेक्षा तीच जास्त उजेडात. तो फोटो हातोहात फिरला आणि लाल रंगाचा विषय मागे पडला. युक्तिवादाने जे झालं नाही ते लग्नाच्या फोटोने झालं.

काम सोपं नव्हतं. सिमेंट काढताना चिऱ्याच्या पापुद्र्याच्या पापुद्रे निघाले. काही चिरे दोन बोटं आत गेले, अकरा बदलावे लागले. सिमेंटखाली एका कोपऱ्यात जुन्या चुन्याचा हातभर तुकडा राहिला होता, १९९६ च्या गवंड्याने आळसाने सोडलेला. त्यात थरावर थर दिसत होते, पांढरा, मग फिकट निळा, परत पांढरा. मी नखाने मोजायला गेलो आणि सोडून दिलं. निळा कुणी आणि का दिला होता ते काकीलाही आठवत नाही. तो तुकडा आम्ही ठेवला, त्याच्या कडेपर्यंत नवा गिलावा आणून थांबवला.

चुन्याचं काम येणारा गवंडी शोधायला महिना गेला. शेवटी सत्तरी ओलांडलेले एक आजोबा मिळाले, त्यांनी हाताखाली आमचीच दोन पोरं घेतली. चुना खड्ड्यात विरवून तीन आठवडे ठेवला. पोरांना ते वाट बघणं कळेना. त्यांना वाटलं म्हातारा रोज वाढवतोय. पातळ थर, मग थांबा, ओलं गोणपाट बांधा, मग दुसरा थर. मार्चमध्ये सुरू केलेलं काम मेच्या मध्यावर संपलं, आणि पाऊस यंदा लवकरच, मेच्या शेवटच्या आठवड्यातच कोसळला. पहिल्या सरीत सगळे छत्र्या घेऊन कपेलाभोवती उभे, जणू बाळंतिणीच्या खोलीबाहेर.

भिंत ओली झाली. व्हायचीच. मुलांचे चेहरे पडले. दोन दिवसांनी ऊन पडलं, आणि संध्याकाळपर्यंत वरचा भाग सुकून पांढरा झाला. तिसऱ्या दिवशी खालचा. आजोबा गवंडी बिडी ओढत म्हणाले, आता ती जिती आसा.

गणपतीनंतर काकीने मला परत बोलावलं. उत्तरेच्या भिंतीवर हात टेकवला आणि दाखवला. तळवा कोरडा. मग खाली वाकता येत नाही म्हणून काठीने दाखवलं. जमिनीपासून हातभर उंचीवर, अगदी कोपऱ्यात, अजून एक काळपट डाग आहे. मी बाहेरून जाऊन बघितलं. पाच वर्षांपूर्वी कपेलाभोवती सुंदर दिसावं म्हणून सिमेंटचे पेव्हर ब्लॉक बसवलेत, ते थेट भिंतीला टेकतात आणि पागोळीचं पाणी भिंतीकडेच वळवतात. भिंतीपासून दीड हातापर्यंतचे ब्लॉक काढून तिथे खडी भरायला हवी. ते ब्लॉक कुणी सुचवले होते असं कमिटीतल्या मुलांना विचारलं, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

ब्लॉक नाताळच्या आत निघतील असं ठरलंय.